काट्यावरचा गूळ

१० फेब्रुवारी

वही आजच घेतली. डोक्यात इतकं भरलंय की कुठंतरी उपसायला पाहिजे, आणि जिला सांगावं असं वाटतं तिला सांगायची सोय नाही.

दिपा मॅडमनी आज मला एक कॉम्प्युटर दिला आणि म्हणाल्या, हे सगळं तुझं. हे सगळं म्हणजे आमच्या हळद कंपनीचे नियम. शेतकरी माल आणतो, निलम त्यातली ओल मोजते, प्रत बघते, आकडे कॉम्प्युटरात टाकते. मग माल घ्यायचा, परत पाठवायचा का दुसऱ्या प्रतीत टाकायचा, हे कॉम्प्युटर ठरवतो. तो कशावरून ठरवतो, ते एका सॉफ्टवेअरमध्ये बॉक्स काढून मांडलेलं असतं. एकेक नियम म्हणजे एकेक बॉक्स. ओल जास्त, तर बाण इकडं. नाही, तर तिकडं. असे बाराशेच्या आसपास बॉक्स आहेत आणि सगळे एकाच पानावर. लग्नात मांडवाच्या दारात चपला पडलेल्या असतात तसे. माझ्या आधी जो पोरगा होता तो पुण्याला निघून गेला. बरोबर केलं त्यानं.

मॅडम म्हणाल्या, होळीनंतर खरेदी सुरू होते, त्याच्या आत हे नीट लावलंस तर तुला पक्कं करते.

त्या 'पक्कं' शब्दावर माझं सगळं अडकलंय. माझ्या याडीनं (आईला आम्ही याडी म्हणतो) दिवाळीत निलमच्या घरी सोयरिकीचा शब्द टाकला होता. तिचे वडील बाबूसिंग म्हणाले, पोरानं कॉलेज अर्ध्यात सोडलं, डोकं गरम आहे, काम कच्चं आहे. काम पक्कं झालं की बोलू.

कॉलेज मी सोडलं नाही. वर्कशॉपच्या सरांची कॉलर धरली, त्यांनी सोडायला लावलं. पण हे तांड्यात कोणाला समजावत बसू?

१३ फेब्रुवारी

तीन दिवस घालून सगळे बॉक्स गावांप्रमाणे लावले. कुरुंदा एका फोल्डरमध्ये, सेनगाव दुसऱ्यात, सिद्धेश्वरकडचे तिसऱ्यात. आमच्याकडं माणूस भेटला की पहिलं गावच विचारतात, म्हणून मला हे बराबर वाटलं. मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, "ओल कुरुंद्याची वेगळी असते का रे?"

मी म्हणालो, नाही.

"मग ओलीचा बॉक्स कुठल्या गावात ठेवलास?"

मी तो सगळ्या गावांत ठेवला होता. प्रत्येक गावाला एकेक नवा काढून. बाराशेचे सतराशे झाले होते. मॅडमनी जुनं सगळं परत आणलं. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. निलम खिडकीतून बघून राहिली होती. हसत होती का काय, कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

रंगांनी लावून पाहिलं. लाल नकाराचे, हिरवे होकाराचे. पान होळीसारखं दिसायला लागलं, समजायला काडीचं सोपं झालं नाही.

निलम डबा खायला आत आली तेव्हा म्हणाली, "तू प्रत्येकाला कुठं ठेवू, कुठं ठेवू करून राहिला. तो काय ठरवायला बसलाय ते बघ ना आधी."

एवढंच बोलली आणि लोणच्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवली. कोणी उगाच लोणचं देतं का? मी दुपारभर त्याचाच विचार केला. काम काहीच झालं नाही.

२४ फेब्रुवारी

आज थोडं उजाडलं. मॅडम बाजूला बसल्या आणि प्रश्नांची फोल्डरं करायला लावली. हळद कांडी आहे का गट्टू (लांब बोटं का गोल गड्डे)? वाळली का? घ्यायची का? एका डायग्रामात दहा-बारापेक्षा जास्त बॉक्स नकोत, आणि त्या डायग्रामानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. निलमनं तेच सांगितलं होतं. तेव्हा मी लोणच्यात होतो.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. बॉक्स राहतो साठ्यात. डायग्राम म्हणजे नुसती खिडकी. एकच बॉक्स दहा खिडक्यांतून दिसू शकतो, म्हणून त्याची नक्कल करायची नाही, साठ्यातून ओढून आणायचा. मी मान हलवली. एक असून दहा ठिकाणी कसा, हे डोक्यात बसलं नाही, पण ओढून आणायला जमतंय. ते नवं काढण्यापेक्षा सोपं आहे.

शेतकऱ्याला जी पावती मिळते तिच्यावर आता निर्णयासोबत कारणही छापणार. ज्या बॉक्सांतून माल गेला त्यांची नावं तशीच्या तशी पावतीवर येतील. मागच्या साली काट्यावर फार भांडणं झाली म्हणे, माझा माल काहून परत केला म्हणून.

१ मार्च

मन ठिकाणावर नाही.

अदनान आमच्या काट्यावर असतो. वजन, पावती, माईकवरून नाव पुकारणं, सगळं तोच करतो. चांगला पोरगा आहे असं मी कालपर्यंत समजत होतो. आज ओल मोजायच्या खोलीत तो आणि निलम हळू आवाजात बोलत होते. मी दाराशी थांबलो. मला तीनच गोष्टी ऐकू आल्या. परभणी. खोली. आणि निलमचं, "बापूला आत्ताच कळू देऊ नको."

परभणीत खोली! बापूला कळू न देता!

मी आत गेलो तशी दोघं गप्प झाली. निलमनं मला विचारलं, जेवलास का. जेवलास का म्हणे.

६ मार्च

सगळे बॉक्स लागले. चाळीस-बेचाळीस फोल्डरं, प्रत्येकाला एक प्रश्न. मॅडमनी मागच्या सालचे नमुने टाकून पाहिले, निकाल बराबर आले. त्यांनी पाठीवर थाप मारली. निलमनं चहा पाजला. अदनाननंही पाजला, तो मी घेतला नाही. "क्या हुआ बावा?" म्हणाला. मी म्हणालो, काही नाही. त्यानं तो चहा स्वतः पिऊन टाकला. माणसाला लाज नसावी म्हणजे किती.

काम झालं तर आनंद व्हायला पाहिजे होता. पक्का झालो आणि तोवर ती परभणीला गेलेली असली, तर हे पक्केपण घेऊन मी करू काय?

८ मार्च

आज मॅडम नांदेडला गेल्या होत्या. काम नव्हतं. माझ्याच डोक्यातला गुंता काढून बघावा म्हणून एक डायग्राम केला. फोल्डरला नाव दिलं, 'माझं'.

आमच्यात तांड्याच्या नायकासमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. नंतर मोडायची तर पंच बसतात, आणि मोडणाऱ्याच्या दारी पुढं कोणी सोयरीक आणत नाही. तर गुळापर्यंत जायला काय काय लागतं, ते मांडलं. नवे बॉक्स काढत बसण्यापेक्षा साठ्यातलेच ओढून आणले, बाण आयते मिळाले. नावं तेवढी बदलली. 'ओल मर्यादेत' होतं तिथं 'नोकरी पक्की' केलं. 'प्रत जुळली'चं 'कुळी वेगळी' (आम्ही राठोड, ते पवार, तिथं अडचण नाही). 'वजन बरोबर'चं 'नायक राजी'. हे सगळं जुळलं की शेवटी 'माल घ्या' होतं, तिथं 'गूळ खा'. आणि 'ओल जास्त' होतं तिथं 'निलमचे बापू आडवे', त्याच्या पुढच्या 'माल परत'चं 'पुढच्या साली बघू'.

बघायला फार छान दिसत होतं. सहाच बॉक्स. इतकं सरळ असताना मी रात्रंदिवस कशाला जळतोय, असंही वाटलं. माझ्या फोल्डरात ठेवून दिलं. तिकडं कोण बघायला येतंय.

१२ मार्च

आज अदनानला ढकललं. तो हळदीच्या ढिगावर पडला आणि पिवळा होऊन उठला. मी म्हणालो, परभणीची खोली मला माहीत आहे. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग कपडे झटकत म्हणाला, "तेरे को कुछ नहीं मालूम, भाई." आणि काट्यावर जाऊन बसला. उलटून मारलंही नाही. मला वाटलं होतं मारेल. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

निलम त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१५ मार्च

होळीला तांड्यात होतो. सगळे नाचले, मी नाचलो नाही. याडी म्हणाली, पोरगं नाचत नाही म्हणजे पोरगी बघायचीच वेळ आली. मी तिच्यावर ओरडलो. मग वाईट वाटलं. उद्या कुरुंद्याला परत. मॅडम संध्याकाळी बॉक्सांचं नवं मॉडेल काट्याच्या कॉम्प्युटरवर चढवणार. परवा खरेदी.

१७ मार्च

क्रमानं लिहितो.

सकाळीच ट्रॅक्टरची रांग लागली. मॅडमनी मला आतल्या खोलीत बसवलं, काही अडलं तर बघायला. पहिला नंबर इब्राहीम चाचांचा. निलमनं ओल मोजली, आकडे टाकले, पावती निघाली. अदनाननं माईकवरून पुकारलं, "इब्राहीम चाचा, गूळ खा."

चाचा म्हणाले, अच्छी बात है, कंपनी मूँ मीठा करा रही. मॅडमला वाटलं कंपनीच्या अध्यक्षांनी ठरवलं असेल, अध्यक्षांना वाटलं मॅडमनी. हमालाला किराण्याच्या दुकानात पिटाळलं, त्यानं ढेप आणली. दुसऱ्याची पावती निघाली, गूळ खा. तिसऱ्याची, गूळ खा. खालची कारणं बारीक अक्षरात होती, ती कोण वाचतंय. सगळं आवार गूळ खात होतं. मलाही आत आणून दिला. मी खाल्ला. खरं सांगतो, मला तेव्हाही काही कळलं नाही. चांगली पद्धत आहे, एवढंच वाटलं.

निलमच्या तांड्याचे देवला नायक आले होते, त्यांचाही माल पास झाला. त्यांनी गूळ खाल्ला. त्यांच्यासोबत आलेल्या बाबूसिंगांनी नंबर यायच्या आधीच दोन खडे तोंडात टाकले.

मग बाबूसिंगांचा माल काट्यावर आला. ओल जास्त निघाली. बापाचा माल म्हणून निलमनं दोनदा मोजली, तरी जास्तच. आकडे खरे टाकले तिनं. पावती निघाली आणि अदनाननं सवयीनं ती पूर्ण वाचली, माईकवरून.

"बाबूसिंग पवार. निर्णय, पुढच्या साली बघू. कारण, निलमचे बापू आडवे."

ट्रॅक्टरवाल्यांनी इंजिनं बंद केली असं मला वाटतं, का मलाच ऐकू येईनासं झालं.

बाबूसिंग म्हणाले, "पुन्हा वाच."

अदनाननं वाचलं नाही. देवला नायकांनी आपल्या खिशातली पावती काढली, चष्मा लावला आणि सावकाश वाचली. नोकरी पक्की. कुळी वेगळी. नायक राजी.

"मी कवा राजी झालो रे?" ते म्हणाले.

तोवर मॅडम आत आल्या होत्या. त्यांनी साठा उघडला, मग 'माझं' उघडलं. दोन्हीकडं तेच सहा बॉक्स. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक असून दहा ठिकाणी कसा, ते तेव्हा समजलं.

मी बाहेर जाऊन म्हणालो, मी केलं. दुसऱ्या कोणावर आळ नको. बाबूसिंगांचा हात वर गेला होता. नायकांनी तो धरला.

१८ मार्च

नावं सगळी पूर्ववत केली. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुला पक्कं करावं का काढून टाकावं, मला खरंच ठरवता येत नाही.

पण आज जे झालं त्यापुढं ते काहीच नाही. देवला नायकांनी निरोप पाठवलाय. पोरीचं नाव भोंग्यावरून शंभर माणसांत गेलं, ते काही परत आत घालता येत नाही. आणि गूळ तर खाल्ला गेलाय. नायकानं खाल्ला, बापानं खाल्ला, पोरानं खाल्ला. चुकून खाल्ला म्हणून गूळ कडू होत नाही. सोयरीक झाली असं समजा.

मी निरोप तीनदा सांगायला लावला. याडीला फोन केला, ती रडली. बाबूसिंगांनीही कबूल केलं म्हणे. मला उड्या माराव्या वाटतात आणि कुठंतरी लपून बसावंही वाटतं. हे दोन्ही एकदम काहून होतंय?

निलम आज कामावर आली नाही.

१९ मार्च

निलम आली. हळद वाळवायच्या ओट्यापाशी मला उभं केलं. मी हसून काहीतरी बोलणार होतो.

ती म्हणाली, "मी गूळ खाल्ला का?"

मी आठवून पाहिलं. ती मशीनवर होती, तिच्यापर्यंत ढेप गेलीच नव्हती. मग तिनं सांगितलं. परभणीला पुढं शिकायचंय तिला, प्रवेश परीक्षेची तयारी चाललीय. अदनानची बहीण माहेनूर तिथं शिकते, तिच्या खोलीत निलमची सोय होणार होती. बापूला ती जागा ठरल्यावर सांगणार होती. माहेनूरला फोन लावून द्यायला मधे अदनान. एवढीच ती परभणी आणि एवढीच ती खोली.

"त्याला ढकललंस तवाच सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुला सांगून काय, तू आधी रागावतो मंग ऐकतो."

मी विचारलं, मग आता?

"तू मोड. मी मोडलं तर बापू मला उंबऱ्याबाहेर जाऊ देणार न्हाईत. तू मोडलं तर दोष तुझ्यावर जाईल. मला ठाऊक हाय मी काय मागून राहिले."

मी म्हणालो, मी नाही मोडणार. हातातलं घमेलं भिंतीवर मारलं. ती दचकली नाही. नुसती घमेल्याकडं बघत उभी राहिली आणि मग ते उचलून जागेवर ठेवून गेली.

२१ मार्च

मी जे मागितलं होतं ते मिळालंय. लबाडी केलेली नाही. नायक राजी, बाप राजी, कुळी वेगळी. मग मी जेवत काहून नाही?

अदनानकडं गेलो. माफी मागायची होती, तोंडातून निघाली नाही. त्यानं आपल्या शर्टाकडं बोट दाखवलं, पिवळा डाग धुऊन गेला नव्हता. "अम्मी पूछती कौन रिश्तेदारकी हलदी लगी," म्हणाला. मग दोघं जण काट्याच्या पायरीवर बसून राहिलो. जाताना तो एवढंच म्हणाला, की माहेनूर रोज फोन करून विचारते, निलम येणार ना. तो आजकाल तिचा फोनच उचलत नाही.

२३ मार्च

पंच निलमच्या तांड्यात बसले. आमच्याकडून मामा आणि याडी आली होती. याडीनं नवं लुगडं नेसलं होतं. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला जाऊ दिलं नसतं, आणि मी थांबलोही असतो.

तारखेची बोलणी निघाली तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला ही सोयरीक मोडायची आहे.

मामानं माझा शर्ट ओढला. देवला नायकांनी विचारलं, काहून? पोरीत खोट आहे? मी म्हणालो, खोट नाही. मग घरात? नाही.

"मंग मोडतो कशापायी?"

मी काय बोलणार ते ठरवून गेलो होतो. कॉम्प्युटरची चूक होती, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून वेगळंच आलं. "मी सगळ्याला इचारलं, नायक. तिला इचारलं न्हाई."

मागं बायकांत कोणीतरी हसलं. नायक म्हणाले, पोरीला विचारून सोयरीक होते का, वेड्या? मी म्हणालो, ते मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

दोष आमच्या घरावर आला. तीन वर्षं या बाजूच्या कुठल्या तांड्यात आमची सोयरीक चालणार नाही. बाबूसिंग उठताना माझ्यासमोर थांबले. शिव्या देतील वाटलं. पण मला नीट बघून घेतलं आणि गेले. दिवाळीपासून त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं ते आज पहिल्यांदाच.

येताना जीपमध्ये याडी पुढं बसली. सेनगावपर्यंत मागं वळली नाही.

२७ मार्च

मॅडमनी पक्कं केलं. म्हणाल्या, बॉक्स कुठं कुठं दिसतो ते या जिल्ह्यात तुझ्याइतकं कोणाला कळणार नाही आता. मी हसलो नाही, त्या हसल्या. चांगली बातमी घरी सांगावी म्हणून फोन लावला. याडीनं बरं म्हणून ठेवून दिला.

दुपारी निलम नमुन्यांच्या पिशव्या घेऊन माझ्या टेबलाशी आली. बापूनं परीक्षेला बसायला हो म्हटलंय, नुसतं परीक्षेला, पुढचं पुढं. पोरीला विचारलं नाही म्हणून एका पोरानं पंचांपुढं नाक कापून घेतलं तर आपली पोरगी काहीतरी असेल, असं म्हणाले म्हणे. ती पिशव्या ठेवून जाईल असं वाटलं, पण गेली नाही. खुर्ची ओढून बसली.

"आता इचार," म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. मी विचारलं. कसं विचारलं ते इथं लिहीत नाही, फार वाईट विचारलं.

तिनं विचार केला. मान खाली घालून नाही, माझ्याकडं बघून, कांडी हातात घेऊन आतून वाळली का बघते तसा. मग म्हणाली, "न्हाई."

आणि पिशव्या उचलून मशीनकडं गेली.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. तासभर वाट पाहिली, तरी आला नाही. आता खोलीवर येऊन हे लिहितोय तर डोक्यात एकच घोळ चाललाय, की ती आत्ता नाही म्हणाली का कधीच नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.